तळहाताएवढी मूर्ती

पूर्वी पोतन नगरात जयंधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अमात्याच्या कुळात जन्मला होता आणि वडिलांमागे विशोक या नावाने राजाचा अमात्य झाला होता. राजा मनाचा चांगला, पण भारी उतावळा होता.

राजाची आई रेवती अंथरुणाला खिळली होती. तिची एकच इच्छा उरली होती. त्याआधी होऊन गेलेल्या भगवान काश्यप बुद्धांची मूर्ती घडावी, तिचे नेत्र उघडण्याचा विधी व्हावा आणि मग आपले डोळे मिटावेत. आईला अंधुक दिसते, हे राजाला ठाऊक होते. म्हणून लांबूनही दिसेल अशी पुरुषभर उंचीची काशाची मूर्ती त्याने सांगितली.

अशी मूर्ती आधी मेणात घडवतात. तिच्यावर माती लिंपून ती भाजतात, मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत धातू ओततात. एवढ्या मोठ्या मूर्तीला गाडाभर मेण हवे. राजाची माणसे मशाली घेऊन नदीकाठच्या कड्याखाली जमली. कड्यावर मोहोळांची रांग होती आणि दिवस पिलांचे होते. ते पाहून बोधिसत्त्वाला वाईट वाटले. त्याने मशाली विझवायला लावल्या.

राजा संतापला. “अमात्य, माझ्या आईपेक्षा तुम्हाला माश्या जवळच्या झाल्या का?”

“महाराज, ज्यांनी मुंगीचाही जीव आपलाच मानला, त्यांची मूर्ती हजारो जीव जाळून कशी घडवायची? पिले उडून जाईपर्यंत थांबू. मग रिकामी पोळी मिळतील.”

“आई तोवर थांबेल का?”

राजाने पुढे काही ऐकूनच घेतले नाही.

“मूर्तीवाचून ती गेली,” राजा म्हणाला, “तर या राज्यात तुम्हाला जागा नाही.”

बोधिसत्त्व तडक राजमातेकडे गेला आणि काही न लपवता सारे सांगून टाकले. “माश्यांनी सोडून दिलेली जुनी पोळी गोळा केली, तर तळहाताएवढ्या मूर्तीपुरते मेण निघेल. पण एवढीशी मूर्ती आपल्याला दिसायची नाही.”

राजमाता हसली. “तेवढीच करा. हातात मावेल अशी.”

आईचा शब्द राजाने मोडला नाही. मूर्ती झाली. राजमातेच्या अंथरुणापाशीच विधी मांडला. मूर्तीची पहिली नजर कोणी अंगावर घ्यायची नाही, अशी तिथली रीत होती. नेत्र कोरणारा मूर्तीकडे पाठ करून बसे आणि आरशात पाहत, खांद्यावरून हात मागे नेऊन सोन्याच्या सुईने बुबुळे कोरी. हा मान राजमातेचा, असे बोधिसत्त्वाने सुचवले. सगळ्यांनी तोंडे फिरवली. राजा मान वळवून आईपुढे आरसा धरून बसला.

“आई, आरशात बघ.”

“आरसा राहू दे, बाळ. गेल्या श्रावणापासून मला काहीच दिसत नाही. तू हिरमुसशील म्हणून बोलले नाही.”

तिने मूर्ती स्वतःकडे तोंड करून हातात घेतली. कपाळ, नाक, पापण्या अंगठ्याने सावकाश चाचपल्या आणि सुईने दोन्ही नेत्र कोरले. साऱ्या महालात तेवढी एकच बाई बुद्धांच्या समोरासमोर होती.

“उघडले,” ती म्हणाली. तिचा अंगठा बराच वेळ तिथेच राहिला.

राजाच्या हातातला आरसा खाली आला. तो बोधिसत्त्वाकडे वळला आणि रडत म्हणाला, “पुरुषभर उंच केली असती, तर आईचा हात गुडघ्यांच्या वर पोचला नसता.”

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, “तो जयंधर राजा म्हणजे आताचा आनंद, राजमाता रेवती म्हणजे महाप्रजापती गौतमी आणि विशोक अमात्य तो मीच.” माश्या कोण होत्या, हे त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पूर्ण केली, ती मैत्री पारमिता, म्हणजे सर्व जिवांवरच्या मायेची परिपूर्णता.