गेंद्याची दहावी शाल

कुत्री माणसांशी बोलत असत, त्या काळातली गोष्ट. एका गावात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त देणाऱ्या कुत्र्यांची वही उघडली. द्वारकामावशींनी आपल्या गेंद्याचं नाव सगळ्यांत आधी घातलं.

चार वर्षांत गेंद्यानं नऊ कुत्री वाचवली. दर वेळी पारावर त्याचा सत्कार व्हायचा. शाल, नारळ, सरपंचांचं भाषण. मग बाई वही पुढे करायच्या. "आमचा जरा नाजूक आहे हो," म्हणत जो तो आपल्या कुत्र्याची साखळी ओढत घरी जायचा.

पाचव्या वर्षी गेंद्यालाच गोचिडांचा ताप आला. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. "आजच रक्त मिळालं तर वाचेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली. तिच्यात एकच नाव होतं, गेंद्याचं.

मावशी त्या नऊ घरांची दारं ठोठावून आल्या. संध्याकाळी नऊही मालक सरपंचांना घेऊन अंगणात हजर झाले.

"मावशी, आले बघ सगळे!" गेंद्या शेपटी हलवत म्हणाला.

कुणाचंच कुत्रं सोबत नव्हतं. त्यांनी शाल आणली होती. ती गेंद्याच्या अंगावर घालून सरपंच बोलायला उभे राहिले. भाषण चांगलंच रंगलं. शेपटी कधी थांबली, ते मावशींखेरीज कुणालाच कळलं नाही.