पिवळ्या पताकेचं घर

तळं कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं हे नीट सांगता येत नाही, अशा एका गावात एक रंगारी आणि त्याची बायको राहत होती.

रंगाऱ्याचं नाव हैबती, बायकोचं येसू. त्यांचं घर पाण्याला अगदी टेकून होतं. अंगणातल्या दोऱ्यांवर हळदी, तांबडी, निळी लुगडी डोलायची आणि खाली तळ्यात तीच लुगडी उलटी डोलायची. लांबून होडीतून येणाऱ्याला वाटायचं, पाण्यात कुणी बाग लावली आहे.

पण हिवाळा आला की तळ्यातून धुकं उठायचं. ते उंबरा ओलांडून घरात शिरायचं आणि तीन महिने मुक्काम करायचं. चुलीजवळ बसलेल्या येसूला ओसरीवरचा हैबती दिसायचा नाही. मिठाला पाणी सुटायचं. रंगवलेलं लुगडं आठ-आठ दिवस वाळायचं नाही. आणि त्या ओल्या हवेनं हैबतीची छाती दर हिवाळ्यात आणखी आणखी भरून यायची.

शेवटी वैद्यांनी सांगून टाकलं, "पुढचा हिवाळा इथे काढू नका. वर माळावर जा, कोरड्या हवेत. इथे राहून माझ्या काढ्यांचा काही उपयोग नाही."

माळावरच्या गावात त्यांची लेक दिलेली होती. तिथे जागाही मिळत होती. पण हे घर विकल्याशिवाय ती घेता येणार नव्हती.

त्या गावात घर विकायचं असलं की दारावर पिवळी पताका लावायची रीत होती. मग म्हाळसाआक्का आसपासच्या बाजारांत फिरून त्या घराची बातमी सांगायच्या. गावातली सगळी घरं त्यांनीच जुळवून दिलेली. चैत्रातल्या एका लख्ख सकाळी आक्कांनी स्वतःच्या हातानं पताका बांधली आणि येसूला जवळ बसवलं.

"आता ऐक. पहिले पंधरा दिवस दारात पाय ठेवायला जागा उरणार नाही. लोक तुझ्या उतरंडीतली मडकी उघडतील, भिंती ठोकून बघतील, नाकं मुरडतील. जो फार कौतुक करील तो बहुधा परत यायचा नाही. मग एकदम सगळं शांत होईल. त्या शांततेत घाबरायचं नाही. आणि कुणी विचारलं तर खरं सांगायचं."

"आणि नाही विचारलं तर?"

आक्का हसल्या. "ते तुझं तू बघ."

झालंही तसंच. माणसांची रीघ लागली. एकीनं स्वयंपाकघरात डोकावून म्हटलं, "एवढंसं! इथे दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीनं श्वास कुठे घ्यायचा?" एकानं ओसरीचे खांब हलवून पाहिले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तळ्याकडे पाहत डोळे पुसले, "असं घर मी स्वप्नात पाहिलंय," म्हणाले आणि पुन्हा कधी दिसले नाहीत. कुणी निम्म्या किमतीत मागितलं आणि नाही म्हटल्यावर रागावून गेलं.

येसू प्रत्येकाच्या मागेमागे फिरायची. इथे लेकीनं पहिलं पाऊल टाकलं, इथे आम्ही दिवाळीला पणत्या लावतो, असं सांगत राहायची. माणसं अवघडून निघून जायची. एके दिवशी आक्कांनी तिला हाताला धरून पाण्यावर नेलं.

"घर बघणाऱ्याला घराशी जरा एकटं बोलू दे, बाई."

"पण आक्का, ते नावं ठेवतात हो."

"तुला नाही ठेवत. त्यांना तिथे आपली चूल मांडता येते का, ते बघतात एवढंच."

मग खरोखरच सगळं शांत झालं. पावसाळ्यात पताकेचा रंग उतरला. येसूनं ती काढून पुन्हा हळदीत बुडवली आणि बांधली. दारात कुणी आलं नाही.

आश्विनात आकाश धुतल्यासारखं निळं झालं आणि एका दुपारी गुळाचा एक मोठा व्यापारी होडीतून उतरला. त्यानं घर पाहिलं. मधल्या खोलीत जाऊन हात पसरले आणि खूश होऊन म्हणाला, "गुळाच्या ढेपी ठेवायला ही खोली फार छान. किंमत तुम्ही म्हणाल ती. घर का सोडताय?"

हैबती मागे पाण्यावर लुगडी पिळत होता. त्याच्या खोकल्याचा बारीक आवाज येत होता. येसूच्या ओठांवर 'धुकं' हा शब्द आला होता, पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"लेकीकडे जायचंय," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

व्यापाऱ्यानं सौदा ठरल्याची सुपारी दिली, परवा येऊन व्यवहार पुरा करतो म्हणाला आणि घाटाकडे निघाला. येसू सुपारी मुठीत धरून मधल्या खोलीत उभी राहिली. ऊन भिंतीवर हलत होतं. तिला दिसलं, याच खोलीत छतापर्यंत ढेपी रचल्या आहेत, दारातून पांढरं धुकं आत येतं आहे, आणि एक-एक ढेप हळूहळू पाझरते आहे. गुळाचा ओघळ उंबऱ्यावरून खाली उतरून तळ्याला मिळतो आहे.

ती धावत सुटली. होडीनं काठ सोडला होता. येसू गुडघाभर पाण्यात शिरली.

"थांबा हो! हिवाळ्यात इथे धुकं येतं. तीन महिने घर ओलं असतं. तुमचा गूळ राहायचा नाही!"

व्यापाऱ्यानं नावाड्याला थांबायची खूण केली. "मग हे मगाशी का नाही सांगितलंस?"

"जीभ वळली नाही. माझ्या माणसाची छाती या हवेनं गेली आहे. इथून लवकर निघायचंय आम्हाला. पण म्हणून तुमचं नुकसान..." तिनं सुपारी त्याच्या हातात ठेवली.

त्यानं सुपारी कनवटीला लावली. "मला हे घर घेता येणार नाही, बाई," तो म्हणाला. होडी निघून गेली.

येसूनं हैबतीला सगळं सांगितलं. आता हा चिडेल, असं तिला वाटलं.

"बरं केलंस," हातातलं लुगडं झटकत तो म्हणाला. "नाहीतर माळावरच्या कोरड्या हवेतसुद्धा मला श्वास लागला असता."

कार्तिकात धुकं आलं. हैबती उशीला टेकून बसूनच झोपू लागला. त्याच्या छातीवर तेल चोळताना येसूच्या मनात रोज यायचं, की आपण गप्प बसलो असतो तर. ती आक्कांना म्हणाली, "काढूनच टाकते पताका."

"धुक्यात कुणाला दिसते ती? राहू दे," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी धुक्यातून दोन सावल्या आल्या आणि दारापाशी येऊन त्यांची माणसं झाली. विणकर होता आणि त्याची बायको.

"बाजारात एक गुळाचा व्यापारी सांगत होता," विणकर म्हणाला. "तळ्याकाठच्या एका घरात गूळ वितळेल असं धुकं आहे, आणि विकणारी बाईच पाण्यात शिरून ते सांगायला आली. बाकीचे हसले. मी घराचा पत्ता विचारून घेतला."

त्यानं कनवटीतून सुताचा एक धागा काढला, मधल्या खोलीत हवेत धरला आणि ताणला. धागा लांबला, पण तुटला नाही. दोघं नवरा-बायको त्या धाग्याकडे लहान मुलांसारखी बघत राहिली.

"आमच्याकडे कोरडा वारा सुटतो," विणकराची बायको म्हणाली. "सूत तटातटा तुटतं. निम्मा दिवस गाठी मारण्यातच जातो. अशी ओली हवा आम्ही गावोगाव शोधतोय."

"आणखी काही खोट असेल तर तीही सांगा," विणकर म्हणाला.

येसूनं मग काही लपवून ठेवलं नाही. मागची कौलं गळतात, स्वयंपाकघरात खेकडे येतात, सारं सांगितलं. तो हसला. "न विचारता सांगणाऱ्या बाईचं घर आहे हे. आम्ही घेतलं."

त्याच्या बायकोनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवला. "ही पाडली की दोन माग मावतील."

ती भिंत येसूनं दर दिवाळीला स्वतः सारवली होती. तिनं भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "वरच्या अंगानं ठोका. मातीची आहे, लगेच पडेल."

आठवडाभरात रंगारी आणि त्याची बायको बैलगाडीनं माळावर गेली. माघात एका दुपारी हैबती ओल्या लुगड्यांचा भारा खांद्यावर घेऊन टेकडी चढला. शेवटचं लुगडं पसरतोय तोवर पहिलं वाळलं होतं. त्यानं वरून हाक मारली, "येसूऽऽ!" आणि ती हाक साऱ्या माळावर फिरून खाली दारात बसलेल्या येसूपर्यंत पोचली.

तात्पर्य: विकायला काढलेल्या घराला नावं ठेवणारे आणि परत न येणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यामुळे खचू नये, आणि घराचा दोष झाकू नये, कारण मोकळेपणानं सांगितलेला दोषच कधी कधी योग्य माणसाला आपल्या दारापर्यंत घेऊन येतो.