चौदा फाट्यांचं बीळ

“चौदा फाटे! अरे, हे बीळ आहे की कोळ्याचं जाळं?” म्हाताऱ्या घुशीनं शेपटी आपटली. माळावर पहिला नांगर फिरायच्या आधीची ही गोष्ट.

“मोजत काय बसलात, आजी?” उंदीर फणकारला. “साप आला तर हा फाटा, मुंगूस आलं तर तो, पाणी शिरलं तर पलीकडचा. एकही फुकटचा नाही.”

“चार ठेव. बाकीचे बुजव.”

“का म्हणून? मला सगळे तोंडपाठ आहेत. डोळे मिटून फिरतो मी!”

त्याचं पिल्लू सकाळी त्याच बिळात वाट चुकलं होतं, ते दुपारी कुठं सापडलं. अजून थरथरत होतं. घुशीनं त्याला पोटाशी घेतलं.

“तुला तोंडपाठ आहेत रे शहाण्या, पण साप येईल तेव्हा तू दाणे आणायला गेलेला असशील.”