सोबत्याने विचारायचा प्रश्न

"…तर बुवा, जहाज की किनारा?"

धैर्यशील नलवडे प्रश्न विचारून मोकळा झाला. दोन गुळगुळीत रंगीत पुस्तिका त्यानं बुवांच्या पुढ्यात ठेवल्या.

बुवा काही बोलले नाहीत. समईच्या वाती वळत होते, त्या वळत राहिले.

ते बोलणारच नव्हते. आमच्या मठाचा रिवाज जगावेगळा आहे. ज्याचा प्रश्न त्यानं विचारायचा नाही, सोबत आलेल्यानं विचारायचा. आपला प्रश्न माणूस न्हाऊमाखू घालून, टीट लावून आणतो, असं बुवांचं म्हणणं. एकट्यानं आलेल्याचा प्रश्न मी विचारतो. मठात स्वयंपाक माझ्याकडे आणि हे वरकड काम. यात कुणाकुणाची कसली कसली दुखणी माझ्या तोंडून बाहेर पडली असतील, त्याला गणतीच नाही.

धैर्यशील बुवांचा जुना शिष्य. कऱ्हाडला त्याची ट्रॅक्टरची मोठी शोरूम आहे. रिवाज त्याला ठाऊक होता, म्हणून तर बायकोला, विजयमालाला, सोबत आणलं होतं. गाडीत येता येता तिच्याकडून प्रश्न घोकूनही घेतला होता.

हे त्यानंच मला हातपाय धुताना सांगितलं. वर म्हणाला, "मी म्हटलं की ही नको म्हणते. बुवांनी एकदा सांगितलं की विषय संपला. त्यांचा शब्द ती मोडत नाही."

पण शोरूमच्या मालकाला गप्प बसायची सवय कुठली? बसला आणि बोलून गेला.

"चुकलो," तो हसून म्हणाला. "प्रश्न हीच विचारेल. पण हिला नीट सांगता यायचं नाही, म्हणून आधी माहिती तेवढी देतो."

माहिती देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्यानं सांगितलं ते असं. त्याची आई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. उन्हाळ्यात ती गेली. तिचं सगळं विजयमालानं केलं. आता हिला विश्रांती द्यायची, तीही अशीतशी नाही, एक नंबरची. त्यासाठी दोन गोष्टी निवडून काढल्या होत्या. एक क्रूझ, सिंगापूरहून सुटणारी. जहाज कसलं, तरंगतं गावच. वर पोहायचे तलाव, नाटकाचं थेटर, दिवसभर चालू असलेली जेवणघरं. दुसरं मालदीवकडचं रिसॉर्ट. निळं पाणी, पांढरी वाळू, झोपाळा, आणि पाहिजे ते हातात आणून देणारी माणसं.

ऐकता ऐकता माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. गवार निवडायची सोडून मी पुस्तिकेतला झोपाळा बघत बसलो.

"जहाजावरनं मधेच उतरावंसं वाटलं तर?" बुवांनी विचारलं.

"मधे समुद्र आहे, बुवा. उतरायची गरजच पडत नाही. सगळं वरच आहे."

"आणि किनाऱ्यावर?"

"तिथं तर फाटकाबाहेर पाऊल टाकायला लागत नाही. गेल्या गेल्या मनगटाला एक पट्टी बांधतात. ती दाखवली की खाणंपिणं, मालिश, नाचगाणं, सगळं त्यातच आलं."

"पट्टी सुटते?"

"निघताना कापतात."

बुवा नुसतं "हं" म्हणाले.

विजयमाला खांबाला टेकून बसली होती. पुस्तिकांकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. अंगणात कुणाची तरी गाय शिरली होती, तिच्याकडे तिची नजर होती.

"विचार, बाई," बुवा म्हणाले.

तिनं हात जोडले. शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसं एका सुरात म्हणाली, "ह्यांना विचारायचंय, की विश्रांतीसाठी जहाज बरं, की…"

थांबली.

"किनारा," धैर्यशीलनं हळूच सांगितलं.

…

"नाही," ती म्हणाली. "ह्यांचा प्रश्न हा नाही."

धैर्यशील काहीतरी बोलायला गेला. बुवांनी हात वर केला, तसा तो गप्प झाला.

"सासूबाई गेल्यावर मी एक पिशवी भरली," विजयमाला म्हणाली. "कपड्यांची. पलंगाखाली ठेवली. ती ह्यांनी पाहिली. मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. त्यानंतर घरात ही जहाजांची चित्रं यायला लागली."

…

"ह्यांचा प्रश्न असा आहे, बुवा. मी घर सोडून जाणार आहे का? आणि जाणार असेन, तर मला कुठं नेऊन ठेवलं म्हणजे जाता येणार नाही?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे प्रश्न विचारतोय. पण दुसऱ्याच्या पोटातला प्रश्न असा बाहेर काढून समोर ठेवलेला मी कधी ऐकला नव्हता. मला धक्का बसला, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. आता हा माणूस काय करील, याची.

त्यानं काहीच केलं नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी पाहिली… ते तुला कळलं होतं?"

"परत ठेवताना तुम्ही तिचं तोंड भिंतीकडे केलं होतं."

तो बुवांकडे वळला. आपण काय कमी केलं, असं त्यानं विचारलं. आईसाठी विजेवर वरखाली होणारी खाट आणली, दिवसाची बाई ठेवली, स्वयंपाकाला माणूस ठेवला, दारात गाडी उभी केली. हिची आई आजारी पडली तेव्हा हिला गाडी दिली, ड्रायव्हर दिला, सोबत फळांच्या करंड्या दिल्या. हिनं मागायच्या आधी सगळं दिलं.

तो खोटं बोलत नव्हता. ती खाट मी पाहिली आहे. त्या करंड्यांतलं एक सफरचंद मीही खाल्लं आहे.

"गाडी दिली," विजयमाला म्हणाली. "आणि संध्याकाळी परत ये म्हणून सांगितलं, कारण दिवसाची बाई घरी जाणार होती. मी म्हटलं, आजची एक रात्र सासूबाईंजवळ तुम्ही बसा. तुम्ही म्हणालात, दुसरी बाई बघतो. ती मिळाली नाही. मी परत आले. माझी आई पहाटे गेली."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. भाजीत मीठ घातलंय की नाही, हे सांगावं तसं तिनं सांगितलं. मला तेच सोसेना.

"तू असं तोंडानं बोलली असतीस तर…"

"बोलले होते."

…

बुवांनी वातींचं तबक बाजूला सारलं.

"धैर्यशील, तूपण हिच्या सोबतीनंच आलायस ना?"

"हो."

"मग हिचा प्रश्न तू विचारायचा. विचार."

हे मला सुचलं नव्हतं. त्यालाही सुचलं नसावं. पण तो गडी कधी अडून बसणारा नव्हे. पाठ ताठ केली, हात जोडले.

"हिला विश्रांती कुठं…"

"हे तुझं झालं."

"हिला… माहेरी जाऊन राहायचं का…"

त्यानं विजयमालाकडे पाहिलं. हो की नाही, तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ती त्याच्याकडेच बघत होती. कुणी परगावचा माणूस पत्ता विचारायला थांबलाय आणि त्याला गावाचं नाव आठवत नाही, तसं.

"हिचा प्रश्न असा आहे, की आता… आता पुढं हिनं…"

…

गाय अंगणातून निघून गेली. कुणी तिला हाकललंही नाही.

"बुवा, मला ठाऊक नाही," धैर्यशील म्हणाला.

शोरूमच्या उद्घाटनाला हजार माणसांपुढं बोलताना मी त्याला ऐकलं आहे. हा आवाज त्यातला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचं त्याला भान राहिलं नाही. तोवर मी मनातून विजयमालाच्या बाजूला होतो, अजूनही आहे. पण त्या घडीला मला त्याचीही फार कणव आली.

बुवांनी त्याला रडू दिलं. मग विजयमालाला विचारलं, "पिशवी कुठाय?"

"आणलीय," ती म्हणाली.

धैर्यशीलनं झटक्यात मान वर केली. "इथं? कुठं? गाडी तर मीच भरली."

"शिध्याच्या पोत्यामागं ठेवली होती."

आता धक्का बसायची पाळी माझी होती. कारण गाडीतला शिधा मी उतरवला होता. तांदळाचं पोतं, गुळाची ढेप, तुरीची डाळ, आणि त्यामागं एक जांभळी कापडी पिशवी. मठाला दिलेलीच समजून मी तीही उचलली. बाईंचा अख्खा संसार मी कांद्यांच्या टोपलीवर ठेवून आलो होतो.

"बुवा, ती कोठीत आहे," मी म्हटलं आणि उठायला लागलो.

बुवांनी मला खुणेनं बसवलं. "तो आणील."

धैर्यशील गेला. कोठीत डबे सरकवल्याचे, काहीतरी पडल्याचे आवाज आले. पोरासारखा त्यानं आतून विचारलंही, की पिशवी कसल्या रंगाची. विजयमालानं इथूनच सांगितलं.

तो परत आला तेव्हा पिशवी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. सदऱ्याला कांद्याची टरफलं चिकटली होती.

"इतकी हलकी आहे ही," तो म्हणाला. कुणालाच नाही, असाच म्हणाला.

विजयमाला उठली. बुवांच्या पाया पडली, पदर सारखा केला, पायरी उतरून चपला घातल्या. मग चालू न लागता तिथंच उभी राहिली. पिशवीसाठी तिनं हात पुढं केला नाही.

धैर्यशील मधल्या दारात. त्याला तिला अडवायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्याचे ओठ तसे हललेही. पण अडवायचं कशाच्या जोरावर, ते त्याला सापडत नव्हतं. बुवांच्या पुढ्यात पुस्तिकांतलं जहाज पडलं होतं आणि किनाराही पडला होता.

शेवटी त्यानं पिशवी छातीवरून काढून खांद्याला लावली.

"बुवा… हिला कुठं पोचवू?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पायरीखाली उभ्या असलेल्या विजयमालाकडे पाहिलं.

"मला काय विचारतोस?"