भट्टी आणि शेवटचा मोह

फार मागे, लोखंडी दगडाच्या एका डोंगराखाली लालसू आणि त्याची बायको जैनी मातीच्या भट्टीत लोखंड गाळत. लोखंडाच्या बदल्यात बाहेरचे लोक धान्य देत, म्हणून गावाने शेती कधीच सोडली होती. भट्टीच्या कोळशासाठी रान तुटत गेले आणि मोहाचे एकच झाड उरले.

मोह म्हणाला, "भट्टीबाई, आता विझून राहा. डोंगरातला चांगला दगड संपत आलाय. पुढे हे लोक माझ्या फुलांवर तरी जगतील."

"मी विझले तर गाव खाईल काय?" भट्टी फणकारली. "आजवर मीच पोसलंय सगळ्यांना."

जैनीनेही नवऱ्याला विनवले, "एवढं एक झाड राहू दे."

"मग भट्टी कशावर पेटवू?" म्हणत लालसूने कुऱ्हाड घातली.

त्या मोहाच्या कोळशावर भट्टी रसरसून पेटली. पण दगडातून नुसता मळ निघाला, लोखंड निघालेच नाही. मग पोरांना घेऊन अख्खे गाव पोटामागे निघाले.

"थांबा ना, अजून धग आहे माझ्यात!" भट्टीने हाक मारली.

कुणी वळले नाही. तिच्या पोटात मोह अजून जळत होता.