राजाच्या पंजावर हरिणीचा पाय

एका जंगलात एक सिंह राज्य करीत असे आणि मुलांनो, कायदे करण्याचा त्याला भारी कंटाळा होता. अस्वल एक म्हणायचे, कोल्हा दुसरेच, आणि भांडून भांडून सगळ्यांचे घसे बसायचे. एकदा तिथे एक पोपट आला. अनेक जंगलांतले कायदे त्याला तोंडपाठ होते. विषय सांगायचा अवकाश, की त्यांतूनच जुळवून हा नवा कोरा कायदा म्हणून दाखवायचा, तोही गोड भाषेत. सिंह बेहद्द खूश झाला.

त्या उन्हाळ्यात तळे आटू लागले आणि पाण्यावरून मारामाऱ्या सुरू झाल्या. पोपटाने लगेच कायदा सांगितला, "सकाळी हत्तींनी प्यावे, दुपारी हरणांनी, संध्याकाळी वाघांनी." "इतका नेमका कायदा माझ्या आजोबांनाही जमला नसता," असे म्हणत सिंहाने काठच्या ओल्या चिखलात पंजा उमटवला. त्या जंगलाची रीतच तशी होती. पंजा वाळला की कायदा पक्का. वाळण्याआधी कोणी त्यावर पाय ठेवला, तर मात्र राजाला त्याचे म्हणणे ऐकावे लागे. तशी छाती आजवर कुणाची झाली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

एक हरिणी पुढे आली. तिच्या मागे तिचे तान्हे पाडस उभे होते. तिने सरळ त्या पंजावर खूर ठेवला.

"महाराज, या तळ्यातली मगर दुपारीच काठाशी दबा धरून असते," ती म्हणाली. "आम्ही त्या वेळी आलो, तर माझे बाळ घरी परत जायचे नाही."

सिंहाने पोपटाकडे पाहिले. "तुला हे कसे सुचले नाही?"

"मी ऐकलेल्या जंगलांत मगर नव्हती, महाराज. दुसरा कायदा आत्ता सांगतो," पोपट म्हणाला. "पण पाडस गेले असते, तर हरिणी जाब विचारायला माझ्याकडे आली नसती. चिखलातला पंजा तुमचा आहे."

सिंह खजील झाला. त्याने स्वतः तो पंजा पुसला आणि प्रत्येक कळपाला बोलावून विचारले. हत्तींना मगरीची कसली पर्वा? त्यांनी दुपार घेतली, हरणांना सकाळ मिळाली. पोपट पुढेही कायदे सुचवीत राहिला, पण विचारल्याशिवाय पंजा उमटला नाही. आणि शेजारचे राजे आपापल्या दराऱ्याच्या बढाया मारू लागले, की आपला सिंह छाती फुगवून सांगे, "माझ्या राज्यात हरिणीसुद्धा राजाला अडवते."

तात्पर्य : कायद्याचे शब्द कोणीही जुळवून देईल, पण तो ज्यांना पाळायचा त्यांना आधी विचारावे, आणि त्याचा जाब शिक्का उठवणाऱ्यानेच द्यावा.