सांगून सांगून पक्का झालेला चेहरा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही बाजार भरायचे आणि तेव्हाही लोक न विचारता सल्ले द्यायचे! अशाच एका बाजारात एक कासारीण बांगड्या भरत बसली होती. तिची नजर गिऱ्हाइकाच्या मनगटावर. मान वर करते तो काय, तिची तीन वर्षांची पोर खांद्यावर टाकून एक माणूस गर्दीत शिरत होता. तो एकदाच मागे वळला, तेवढाच त्याचा चेहरा तिला दिसला.

कोतवालाने वेशीचे दरवाजे लावून घेतले. "नाक कसं होतं?"

"लांब असावं," ती रडत म्हणाली.

"मिशा?"

मिशांचं तिला काही आठवेना. पण सगळं गाव तोंडाकडे बघतंय म्हटल्यावर बाई काय करणार? "होत्या," म्हणाली. कुणी म्हणालं, गालावर व्रणही असेल. तिला वाटलं, असेलच की! दहा जणांना दहा वेळा सांगितलं, आणि अहो, डोळे मिटले की तिला तोच चेहरा दिसायला लागला.

तासाभरात लांब नाकाचा, मिशीवाला, गालावर व्रण असलेला एक परगावचा लोहार धरून आणला. "हाच!" ती ओरडली. लोकांनी त्याला बडव बडव बडवलं. पोर कुठे आहे, ते तो बिचारा काय सांगणार! चोर सापडला म्हणून कोतवालाने वेस उघडली.

गवताची एक गाडी वेशीकडे जाताना अगदी तिच्याजवळ आली. "बाई, बाजूला व्हा," गाडीवान म्हणाला. सफाचट तोंड, बसकं नाक. तिची नजर त्या तोंडावरून हलेना. 'छे, याला मिशा कुठायत?' तिने मनाला समजावलं. गाडी पुढे सरकली. तिचे पाय मात्र आपोआप गाडीमागे चालू लागले. गाडीची चाकं वेशीबाहेर पडली.

"मिशा गेल्या खड्ड्यात!" ती किंचाळली. "थांबवा ती गाडी!"

गवताखाली पोर सापडली. तोंडात बोळा कोंबलेला, पण श्वास चालू होता. देवाचीच कृपा!

लेकराला कडेवर घेऊन ती लोहाराच्या पाया पडायला गेली. त्याचा घण मारायचा हात कोपरात मोडला होता.

"पोर मिळाली ना? बरं झालं," तो म्हणाला. "पण बाई, 'हाच' म्हणालात, तेव्हा माझ्या तोंडाकडे एकदा तरी पाहिलं होतं का?"

लोहाराने पुन्हा कधी घण उचलला नाही.

लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: सांगून सांगून पक्का झालेला चेहरा खरा असतोच असं नाही, कुणाकडे बोट दाखवण्याआधी त्या माणसाकडे नीट पाहावं.